सासूबाईंच्या हृदयाची झेरॉक्स

दुकानाच्या पाटीवर वरच्या ओळीत 'झेरॉक्स, लॅमिनेशन, बाइंडिंग' असं लिहिलेलं होतं. खालच्या ओळीत, दुप्पट मोठ्या अक्षरांत, 'तपासमहर्षी : गुप्त चौकशा, अदृश्य पुरावे, अशक्य गुन्हेगार' असं होतं. गिऱ्हाइकं वरची ओळ वाचून आत येत. खालची वाचून आजवर तीन माणसं आली होती. त्यांपैकी दोघांना झेरॉक्सच हवी होती आणि तिसऱ्याला पाटी रंगवणाऱ्याचा पत्ता.

तपासमहर्षी म्हणजे भिंगराव. "माझी नजर एकदा वस्तूवर पडली की वस्तू कबुली देते," असं ते स्वतःबद्दल सांगत. "बुटाकडे बघून मी माणसाच्या आजोबांचा स्वभाव सांगतो. शर्टाच्या बटणावरून त्याचं शिक्षण सांगतो. देवाने मला दोन डोळे दिले ही त्याची काटकसर. माझं काम एकातही भागलं असतं." मागच्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या धुळकट बुटांवरून त्यांनी ओळखलं होतं की हा गृहस्थ लांबच्या प्रवासातून आलेला डावखुरा विधुर आहे. तो शेजारच्या बँकेचा रखवालदार निघाला. बायको त्याच्या मागेच उभी होती, आणि तिने ते ऐकलं.

दुकानाचं खरं काम साडूभाऊ करत. भिंगरावांची बायको थोरली आणि साडूभाऊंची बायको धाकटी, या सख्ख्या बहिणी. मुदतीआधी निवृत्ती घेऊन साडूभाऊ दुकानात बसायला लागले, आणि 'मदतनीस' या पदावर त्यांची नेमणूक झाली. भिंगराव त्यांना साडूभाऊ म्हणत म्हणून सगळी गल्लीही तेच म्हणू लागली, जणू ते गल्लीतल्या प्रत्येकाचे साडू होते. यंत्रांना भिंगराव हात लावत नसत. यंत्र चालवणं हे मनगटाचं काम, असं त्यांचं मत होतं, आणि मनगट साडूभाऊंचं होतं.

तर सोमवारी सकाळी सासूबाईंना गुडघ्याच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीसाठी खुर्चीत बसवून दोन माणसांनी दुसऱ्या मजल्यावरून खाली आणलं. इमारतीला लिफ्ट नाही. सात महिन्यांत सासूबाई खाली उतरल्या त्या अशा, माणसांच्या खांद्यावरून, सामानासारख्या, आणि तशाच थेट गाडीत. त्यांची सख्खी धाकटी बहीण, म्हणजे सगळ्यांची मावशी, रस्त्यापलीकडे समोरच्याच इमारतीत तळमजल्यावर राहते. तिला दमा, ती जिना चढू शकत नाही. सासूबाई जिना उतरू शकत नाहीत. मध्ये फक्त एक रस्ता, आणि सात महिने भेट नाही. गुडघा गुरुवारी होणार म्हणून सासूबाई दिवस मोजत होत्या.

त्यांना वजन करायला आत नेलं तेव्हा भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही जावयांना बाजूला घेतलं.

"आजच्या ईसीजीत थोडा बदल दिसतोय. त्यांचा एखादा जुना ईसीजी आहे का? बदल आधीपासूनचा असेल तर काळजी नाही, गुरुवारी ठरल्याप्रमाणे करू. नवा असेल तर आधी हृदयाच्या सगळ्या तपासण्या कराव्या लागतील. मग पुढची तारीख तीन महिन्यांनी."

"जुना आहे," भिंगराव म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी याच हॉस्पिटलात सगळी तपासणी झाली होती. आता तो कुठे आहे, एवढाच प्रश्न. आणि प्रश्न हेच माझं अन्न."

"बुधवार संध्याकाळपर्यंत आणा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या.

हे कानावर येताच थोरलीने फर्मान काढलं, "आईला यातलं एक अक्षर कळता कामा नये. हृदयाचं नाव ऐकलं तर ती हाय खाईल."

"एक अक्षरही नाही," भिंगराव म्हणाले. "ज्याच्याबाबत गुन्हा घडतो त्याला कधी काही विचारायचं नसतं, हा तपासाचा पहिला नियम."

"गुन्हा?" साडूभाऊंनी विचारलं.

"कागद आपोआप हरवत नाहीत, साडूभाऊ. कागद हरवले जातात."

साडूभाऊ स्वतःच्या चपलांकडे बघू लागले, कारण तो कागद कुणी हरवला हे त्यांना चांगलंच माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी सासूबाईंनी तो ईसीजी त्यांच्या हातात दिला होता आणि म्हणाल्या होत्या, "जावईबापू, हा जरा पक्का करून द्या." साडूभाऊंनी तो प्लास्टिकच्या दोन पानांत घालून लॅमिनेशनच्या तापलेल्या रुळांत सरकवला. आत गेला तेव्हा त्यावर सासूबाईंचं हृदय होतं. बाहेर आला तेव्हा अमावस्या होती. ईसीजीचा कागद उष्णतेने काळा पडतो, हे ज्ञान साडूभाऊंना त्या क्षणी झालं, आणि असं ज्ञान नेहमी एक मिनिट उशिराच होतं. सासूबाईंना त्यांनी सांगितलं, "उद्या देतो." तो उद्या सहा वर्षं चालला होता. काळा कागद दुकानात लांब आकाराच्या कागदांच्या गठ्ठ्याखाली झोपलेला होता, आणि साडूभाऊ मात्र त्याच्या आठवणीने अधूनमधून जागत.

"साहेब," त्यांनी हिय्या केला. तपासाच्या वेळी भिंगरावांना साहेबच म्हणावं लागे. "तो ईसीजी... खरं म्हणजे मीच..."

"शू!" भिंगरावांनी बोट वर केलं. "माहिती नको. माहितीने डोकं जड होतं. सासूबाईंच्या कपाटापासून सुरुवात करू."

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. साडूभाऊंच्या मनात भर दुपारी पौर्णिमा होती. पण अर्धी कबुली तोंडात अडकली की ती गिळणंच सोपं पडतं. त्यांनी ती गिळली.

दुपारी दोघं सासूबाईंकडे पोचले. सासूबाई खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या होत्या. टपाल खात्यात तीस वर्षं पत्रं लावण्यात घालवल्यामुळे समोर आलेल्या माणसाकडेही त्या पत्त्याच्या कागदाकडे बघावं तसं बघत: कुठून आला, कुठे जाणार, आणि तिकीट पुरेसं आहे की नाही.

"आम्ही वाळवी बघायला आलोय," भिंगराव म्हणाले.

"लोखंडी कपाटात?"

"हल्लीची वाळवी फार धीट झालीय, आई."

"बघा बापडे," सासूबाई म्हणाल्या. "चावी वरच्या खणात आहे."

भिंगरावांनी भिंग काढलं आणि कपाटासमोर गुडघे टेकले. दहा मिनिटांत त्यांना एक टाचणी, दोन जुन्या चाव्या आणि स्वतःच्या लग्नातला फोटो सापडला. फोटोत ते इतके घाबरलेले दिसत होते की त्यांनी तो झटकन उलटा ठेवला. मग सगळ्यात खाली, जुन्या शालीत गुंडाळलेली, एक जाडजूड फाइल हाती लागली. वैद्यकीय कागद, वर्षवार लावलेले, प्रत्येकावर तारीख. भिंगरावांचे डोळे चमकले, आणि पहिलंच पान वाचून ते कपाळाच्या वर गेले.

"साडूभाऊ," ते कुजबुजले. "नाव वाचा."

नाव कुणा भलत्याच बाईचं होतं. साडूभाऊंनी ते उभ्या जन्मात ऐकलेलं नव्हतं. आडनाव मात्र सासूबाईंच्या माहेरचं. वय सासूबाईंपेक्षा पाच वर्षांनी कमी. रक्तगट वेगळा. आणि बारा वर्षांपूर्वी त्या बाईचं पित्ताशय काढून टाकलेलं. ईसीजी एकही नव्हता.

"माहेरचं आडनाव, नवं नाव, कमी केलेलं वय," भिंगराव एकेक बोट मोडत म्हणाले. "आपल्या सासूबाई दुहेरी आयुष्य जगताहेत."

तेवढ्यात खिडकीशी हालचाल झाली. सासूबाईंनी शेजारचा गुलाबी टॉवेल उचलून खिडकीच्या कठड्यावर टाकला. क्षणभराने समोरच्या इमारतीच्या तळमजल्याच्या खिडकीतून एक हात बाहेर आला आणि तिथे हिरवा टॉवेल पडला. सासूबाई समाधानाने मागे रेलल्या.

"आणि साथीदारही आहे," भिंगराव म्हणाले. त्यांचा आवाज आनंदाने कापत होता.

"अहो, समोर तर मावशी राहतात."

"बरोबर. म्हणजे मावशींच्या खिडकीचा कुणीतरी गैरफायदा घेतोय."

संध्याकाळी भिंगरावांनी बायकोला विश्वासात घेतलं. साडूभाऊ तिथेच बसले होते, आणि त्यांना जमीन दुभंगायला हवी होती.

"तुझ्या आईला पित्ताशय आहे का?"

थोरलीने नवऱ्याकडे नीट बघितलं. "असेलच की. त्याशिवाय तुम्हाला बघून पित्त कुठून खवळतं?"

"म्हणजे आहे. पण कागदावर नाही. कागदावरची बाई आणि खुर्चीतली बाई एक नाहीत."

"कुठली बाई? नाव काय तिचं?"

"ते सांगता येणार नाही. तपासाची गुप्तता."

"अहो, नाव सांगितलंत तर मी ओळखीन तरी!"

"म्हणूनच सांगता येणार नाही," भिंगराव म्हणाले आणि खिशातलं भिंग पुसू लागले. तिने ते नाव ऐकलं असतं तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण मिटलेल्या प्रकरणात भिंगरावांना कधीच रस नव्हता.

मंगळवारी सकाळी दुसरा सिद्धांत तयार होता: हॉस्पिटलनेच सहा वर्षांपूर्वी दोन बायकांच्या फायली बदलल्या. हॉस्पिटलच्या तळघरात जुन्या नोंदींची खोली होती. भिंगराव तिथे वेशांतर करून गेले. वेशांतर म्हणजे त्यांनी थोरलीचा चष्मा घातला होता, त्यामुळे दारातच ते एका ट्रॉलीला धडकले आणि तिची माफी मागितली.

खोलीत छतापर्यंत फळ्या होत्या आणि प्रत्येक फायलीच्या कडेला रंगीत पट्ट्या. टेबलामागे एक बाई शांतपणे फायलींना दोरी बांधत होत्या.

"लाल, पिवळा, निळा," भिंगराव पुटपुटले. "साडूभाऊ, ही सांकेतिक लिपी आहे. लाल म्हणजे मेलेला, पिवळा म्हणजे मरू घातलेला..."

"लाल म्हणजे शून्य," बाई मान वर न करता म्हणाल्या. "पिवळा म्हणजे एक. फाइल नंबराचे शेवटचे दोन आकडे. चुकीच्या फळीवर ठेवली की रंग जुळत नाही, लगेच कळतं. काय हवंय?"

भिंगरावांचा चेहरा पडला, म्हणून साडूभाऊंनी पुढे होऊन सांगितलं. सहा वर्षांपूर्वीचा ईसीजी, सासूबाई, बुधवार.

बाईंनी एक अर्ज पुढे सरकवला. "हा भरायचा, पेशंटची सही, ओळखपत्राची प्रत. पण एवढी जुनी फाइल बाहेरच्या गोदामात असते. यायला चार दिवस. शनिवारी मिळेल."

"शनिवारी उपयोग नाही हो."

"मग घरची प्रत बघा. देताना आम्ही प्रत्येकाला सांगतो, हा कागद टिकत नाही, प्रत काढून ठेवा. पेशंटला विचारलंत का?"

"त्यांना विचारता येत नाही."

"का? बोलत नाहीत?"

"फार बोलतात," साडूभाऊ म्हणाले.

बाईंनी दोरीची गाठ मारली. "इथे मुलगा येतो, सून येते, जावई येतो, शेजारी येतात. ज्याचा कागद त्याला सोडून सगळे येतात. अर्ज घेऊन तरी जा."

"गुप्तहेर अर्ज करत नाही," भिंगराव म्हणाले आणि ताठ मानेने बाहेर पडले. ट्रॉली अजून तिथेच होती. साडूभाऊंनी अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि त्यांना धरून बाहेर नेलं.

दुकानात परतल्यावर भिंगरावांनी ठरवलं की विचार करायला लांब कागद लागतो. साडूभाऊ "मी देतो, मी देतो" म्हणत धावेपर्यंत त्यांनी गठ्ठा उचलला होता. खाली तो होता: चकचकीत, गुळगुळीत, कडा नीट कापलेला, काळाकुट्ट.

भिंगरावांनी तो दोन बोटांत धरून उजेडाकडे नेला. उजेड त्यातून आलाच नाही.

साडूभाऊंची पाचावर धारण बसली. आता कळणार. लॅमिनेशनच्या दुकानाचा मालक, समोर लॅमिनेट केलेला कागद, आकार ईसीजीचा. शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"साडूभाऊ," भिंगराव खोल आवाजात म्हणाले, "ही धमकी आहे."

"अं?"

"काळं पान! 'तपास थांबवा, नाहीतर तुमचं भविष्य असं.' आणि किती थंड डोक्याने केलंय बघा, धमकी टिकावी म्हणून लॅमिनेट केलीय! टोळी आपल्या दुकानापर्यंत पोचली. आतलाच कुणीतरी फितूर आहे."

दुकानात आतले असे दोघंच होते. भिंगरावांनी साडूभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नका. तुमच्यावर संशय घ्यायला लागेल एवढी बुद्धी तुमच्यात नाही. मी त्या हिरव्या टॉवेलवर पाळत ठेवतो. तुम्ही दुकान सांभाळा."

सुटल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण साडूभाऊंना स्वतःची लाज वाटली. काळा कागद टेबलावर पडला होता, मंगळवारची दुपार उतरत होती, आणि खुर्चीत बसून दिवस मोजणारी ती म्हातारी आणखी तीन महिने खिडकीतून टॉवेल टाकणार होती, का, तर एका जावयाला सहा वर्षांत 'चुकलं' म्हणता आलं नाही म्हणून. त्यांनी कागद पिशवीत घातला, दुकानाला कुलूप लावलं आणि सरळ सासूबाईंचा जिना चढले.

"आज वाळवी नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई. आज मीच आहे." साडूभाऊंनी काळा कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. "हा तुमचा ईसीजी. सहा वर्षांपूर्वी मी जाळला. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

सासूबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग खांदे हलवत हसायला लागल्या. "म्हणून होय! सहा वर्षं तुम्ही माझ्याकडे आलात की कपातच बघत बसता. मला वाटायचं, जावयाला माझा चहा आवडत नाही. मी तीनदा चहापत्ती बदलली हो!"

"माफ करा, आई."

"आता का आठवलं पण हे? आज?"

साडूभाऊंनी खुर्ची जवळ ओढली. मग थोरलीचं फर्मान, हाय खाणं, सगळं बाजूला ठेवून त्यांनी डॉक्टरीणबाईंचं बोलणं सांगून टाकलं, होतं तसं.

सासूबाईंचं हसू गेलं. हात नकळत छातीशी गेला. साडूभाऊंना वाटलं, थोरलीचं खरं झालं.

"भीती वाटली," सासूबाई म्हणाल्या. "वाटू दे. हृदय माझं, तर भीतीही माझीच. तुम्ही सगळे दोन दिवस माझ्या वाटणीची भीती वाटून खात होतात आणि मला वाळवी सांगत होतात." त्यांनी नाक पुसलं. "त्या ईसीजीची प्रत आहे."

"प्रत? कुठे? कधी काढलीत?"

"मी कशाला काढतेय? तुम्हीच काढलीत. लॅमिनेशनला देण्याआधी म्हटलं, जावईबापू, दोन झेरॉक्स काढा. काढल्यात आणि दिल्यात. मूळ कागद दुसऱ्याच्या हातात देण्याआधी नक्कल हवी, तीस वर्षं टपालात दुसरं काय शिकले?"

साडूभाऊंनी डोकं खाजवलं. दिवसाला तीनशे पानं त्यांच्या हाताखालून जात. त्यांतलं एकही त्यांनी कधी वाचलेलं नव्हतं. सासूबाईंचं हृदयही त्यांनी बाजू सरळ आहे ना एवढंच पाहून दाबलं होतं.

"पण कपाटात तर कुणा परक्या बाईची फाइल आहे."

"परकी कसली? बारकीची आहे ती. तुमच्या मावशीची!"

"मावशींचं नाव ते आहे?"

"मग कागदावर काय 'मावशी' लिहायचं?" सासूबाई म्हणाल्या. "तिने लग्न केलं नाही, आडनाव माहेरचंच. आमचं ठरलेलं आहे. आपले कागद आपल्या घरात ठेवायचे नाहीत. घरात पाणी शिरलं, आग लागली, रात्री एकटीला उचलून न्यायची वेळ आली, तर आपले कागद आपल्याला थोडेच सापडणार? तिचे माझ्याकडे, माझे तिच्याकडे. सकाळ-दुपार टॉवेल टाकायचा, म्हणजे ठीक आहे. ज्या दिवशी टॉवेल पडणार नाही त्या दिवशी दुसरीने फाइल घेऊन माणूस पाठवायचा. काल माझं कपाट उपसलंत, तोंडाने विचारलं असतंत तर पाच मिनिटांत काम होतं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण साडूभाऊंनी शाळेत पाठ केली होती. तिचा अर्थ त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी कळला.

सासूबाईंनी फोन लावला आणि साडूभाऊ रस्ता ओलांडून मावशीकडे गेले. मावशी फाइल हातात घेऊन दारातच उभी होती. ईसीजीची प्रत तिसऱ्या पानावर होती, जराही न पुसलेली. वरच्या कोपऱ्यात दुकानाच्या यंत्राची ती नेहमीची तिरकी रेघही उमटली होती. मावशीला दम लागत होता तरी तिने विचारलं, "ताई घाबरली नाही ना?"

"घाबरल्या. पण आम्हाला रागावल्याही."

"मग ठीक आहे," मावशी म्हणाली.

साडूभाऊ फाइल छातीशी धरून रस्त्यावर उतरले, आणि समोरच्या सलूनमधून एक आकृती बाहेर झेपावली. गळ्यात पांढरं कापड, अर्ध्या तोंडाला साबणाचा फेस, हातात भिंग.

"थांबा! हात वर!"

"हातात फाइल आहे, साहेब."

"तुम्ही?" भिंगरावांच्या तोंडचा फेस हळूहळू खाली ओघळला. "मी तीन तास या दारावर नजर ठेवून आहे. दोनदा दाढी करून घेतली, ही तिसरी. आणि टोळीचा माणूस तुम्ही निघालात?"

साडूभाऊंनी रस्त्यातच सगळं सांगितलं. काळा कागद, दोन झेरॉक्स, मावशी, टॉवेल. मागून न्हावी वस्तरा घेऊन धावत आला होता. तोही ऐकत थांबला. गोष्ट संपल्यावर त्याने विचारलं, "म्हणजे त्या आजींना कुणी विचारलंच नाही?"

भिंगरावांनी भिंगावरचा फेस पुसला. मग म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो की फायलीमागे एक स्त्री आहे."

"दोन आहेत, साहेब."

"तेच ते. माझा अंदाज कमी पडला, चुकला नाही," असं म्हणून ते उरलेल्या दाढीसाठी आत गेले.

बुधवारी सासूबाईंनी हट्टच धरला. पुन्हा खुर्ची, पुन्हा दोन माणसं, पण फाइल या वेळी त्यांच्या स्वतःच्या मांडीवर होती. थोरली वाटभर मुसमुसत होती. "आई, तुला त्रास नको म्हणून गं..."

"माहीत आहे. त्रास झाला तो लपवण्याचा झाला. पुन्हा करू नकोस."

डॉक्टरीणबाईंनी जुना आणि नवा ईसीजी शेजारी ठेवले, बराच वेळ पाहिलं आणि सवयीने जावयांकडे वळून बोलायला सुरुवात केली, "हे बघा, त्यांच्या..."

"डॉक्टर," सासूबाई म्हणाल्या, "हृदय इकडे आहे."

डॉक्टरीणबाई थबकल्या. मग खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या आणि दोन्ही कागदांवर बोट ठेवून समजावून सांगू लागल्या. रेघेतला तो रुंद भाग सहा वर्षांपूर्वीही तसाच होता, तेवढाच. नवं काही नव्हतं. उद्या ऑपरेशन.

"मग याची नक्कल मला द्या," सासूबाई म्हणाल्या. "या नव्या ईसीजीची. आणि उद्याच्या सगळ्या कागदांचीही. दोन-दोन."

ऑपरेशननंतर सातव्या आठवड्यात सासूबाई स्वतःच्या पायांनी जिना उतरल्या. एका हातात काठी, दुसरा हात कठड्यावर, खांद्याला पिशवी. साडूभाऊ त्यांच्यापुढे एक पायरी खाली, उलटे चालत, आणि जिन्याला इतक्या पायऱ्या असतात हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. वरून थोरली सूचना देत होती. तिचं कुणी ऐकत नव्हतं. रस्ता निर्धोक करण्याची कामगिरी भिंगरावांनी स्वतःकडे घेतली होती. ते मधोमध दोन्ही हात पसरून उभे होते आणि त्यांनी दोन सायकली, एक टेम्पो आणि एक मांजर अडवून धरलं होतं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. भिंगराव त्याच्याकडे भिंगातून बघत होते.

सासूबाईंनी रस्ता ओलांडला. मध्ये एकदा थांबल्या, पण ते दुखलं म्हणून नव्हे. त्यांनी वर आपल्या खिडकीकडे बघितलं, ती खालून कशी दिसते ते.

मावशी दारात होती. सासूबाईंनी पिशवीतून जाड पाकीट काढलं. "हे ऑपरेशनचे कागद. आधी ठेवून दे."

"ठेवते गं. आधी तू बस."

सासूबाई बसल्या. बसल्यावर मात्र त्यांनी बहिणीचा हात धरला तो सोडला नाही. "बारके, वरून मला तुझा हातच दिसायचा. तोही टॉवेलमागे. मी तुझं तोंड विसरत चालले होते, आणि त्याची नक्कल माझ्याकडे नव्हती."

मावशी रडली, आणि सासूबाईही. साडूभाऊ दाराशीच उभे राहिले, कारण आत जावं की नाही हे त्यांना कळेना. मग मावशीने डोळे पुसले, कागद कपाटात ठेवले, आणि त्यांना म्हणाली, "थोरल्या जावयांना आत बोलवा आधी. रस्ता अजून अडलाय."